कर्ता नसलेली वाक्ये

मराठी व्याकरणात भावकर्तृक क्रियापदांचा एक लहानसा वर्ग आहे. उजाडले, सांजावले, गडगडते आहे, मळमळते आहे अशा वाक्यांना स्वतंत्र कर्ता नसतो. कोण उजाडले, असे विचारता येत नाही. क्रियेचा भाव हाच तिथे कर्ता, असे सांगून व्याकरणकार मोकळे होतात, आणि ते योग्यच आहे. माणसाच्या आयुष्यात पुष्कळ गोष्टी अशा घडतात की त्यांना खरोखरच कुणी करणारा नसतो, आणि भाषेने त्यांच्यासाठी एक जागा राखून ठेवली आहे. माझ्या मनात गेली काही वर्षे सलते आहे ती गोष्ट या जागेच्या गैरवापराची. कुणीतरी केलेली गोष्ट नुसतीच 'झाली' म्हणून सांगायची आणि मग तिच्यावर मनापासून शोक करायचा, अशी सवय एका संपूर्ण समाजाला लागली तर त्या शोकाचे काय होते? अमेरिकेतल्या शाळांमधून होणाऱ्या गोळीबारांच्या बातम्या वाचताना हा प्रश्न मला पुन्हा पुन्हा पडतो.

इतक्या दूरच्या दुःखाशी माझा काय संबंध, असे कुणी विचारील. संबंध दोन प्रकारचा आहे. एक रक्ताचा, त्याविषयी पुढे सांगते. दुसरा गावाचा. मी राहते ते वेवजी तलासरी तालुक्यात, गुजरातच्या हद्दीला लागून आहे. पलीकडे सोळसुंबा, उंबरगाव. हद्द इतकी जवळ की रस्त्यावरचा दिवा कोणत्या राज्याचा, यावरूनही इथे वाद झालेले आहेत. नोव्हेंबर २०१८ पासून या तलासरी-डहाणू पट्ट्याला भूकंपाचे धक्के बसू लागले. एखादा मोठा धक्का आणि मग शांतता, असे ते नव्हते. लहान लहान धक्क्यांची ती मालिका महिनोन्‌महिने, पुढे वर्षानुवर्षे चालू राहिली. १ फेब्रुवारी २०१९ रोजी तर एकाच दिवसात अनेक धक्के बसले आणि त्या धावपळीत एका दोन वर्षांच्या मुलीचा जीव गेला. लोक थंडीत घराबाहेर निजत, सरकारने तंबू दिले, शाळा झाडाखाली भरू लागल्या. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संस्थेची माणसे येऊन भूकंपमापक यंत्रे बसवून गेली. आणि मुलांना शिकवण्यात आले की जमीन हलू लागली तर आधी बाकाखाली शिरायचे, डोके हातांनी झाकायचे आणि हादरा थांबला की रांगेने मैदानात जायचे.

त्या दिवसांत 'हादरले' हे क्रियापद आमच्याकडे रोजच्या बोलण्यात आले. "रात्री हादरलं का हो तुमच्याकडे?" या वाक्याला कर्ता नव्हता आणि त्याची कुणाला उणीवही भासत नव्हती. पृथ्वीच्या पोटातल्या हालचालींवर राग धरता येत नाही. भीती होती, थकवा होता, पण संताप नव्हता. आपत्तीला करणारा नसला म्हणजे माणसे एकमेकांच्या जवळ सरकतात, एवढे मात्र मी डोळ्यांनी पाहिले.

आता रक्ताच्या संबंधाविषयी. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी लग्नानंतर टेक्सासमध्ये स्थायिक झाली. तिची मुलगी २०२२ साली सहा वर्षांची होती. त्याच राज्यातल्या युव्हाल्डी या गावी २४ मे २०२२ रोजी एका अठरा वर्षांच्या मुलाने प्राथमिक शाळेत शिरून एकोणीस मुले आणि दोन शिक्षिका यांना ठार मारले. आमच्या मुलीची शाळा तिथून कित्येक मैल दूर. तरीही त्या आठवड्यात आम्ही रोज बोलत होतो. एका संध्याकाळी नात पडद्यावर आली आणि शाळेत काय शिकवतात ते मला करून दाखवू लागली. तिने खोलीचा दिवा मालवला, टेबलाखाली शिरली, गुडघे पोटाशी घेतले, तोंडावर बोट ठेवले आणि तशीच बसून राहिली. आई म्हणाली, "पुरे आता." पण तिचे पुरे होईना, कारण बाईंनी जेवढा वेळ सांगितला होता तेवढा व्हायचा होता. बाहेर आल्यावर मी तिला म्हटले की आमच्या शाळेतली मुलेही असेच बाकाखाली शिरतात. तिला फार आनंद झाला. मग तिने विचारले,

"मावशीआजी, तुमच्याकडे कोण येतं?"

मी म्हटले, "कुणी येत नाही गं, जमीन हलते."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मग तुम्ही दिवा का नाही बंद करत?"

या प्रश्नाचे उत्तर मी दिले, पण तो प्रश्न मनातून गेला नाही. भूकंपात दिवा मालवावा लागत नाही, कारण भूकंप कुणाला शोधत नसतो. भूकंपात हाक मारायची असते, आरडाओरडा करायचा असतो, म्हणजे कुणी येऊन बाहेर काढील. तिच्या शाळेत मात्र आवाज न करणे हाच जगण्याचा उपाय. दोन्हीकडची मुले एकाच आकाराच्या बाकाखाली बसतात, पण एकीला जमिनीपासून लपायचे आहे आणि दुसरीला माणसापासून. आणि विलक्षण गोष्ट अशी की तिच्या देशाने या दुसऱ्या प्रकारालाही पहिल्याचीच वागणूक देऊन ठेवली आहे. सराव, दारांना आतून कड्या, प्रवेशद्वाराशी धातुशोधक यंत्रे, गोळी न शिरणारी दप्तरे. हे सारे उपाय निसर्गापासून बचाव करण्याच्या जातीचे आहेत. वादळ येणारच आहे, आपण छप्पर मजबूत करू, असे त्यांचे तर्कशास्त्र आहे. वादळ कुणी पाठवले, हा प्रश्न त्यात बसतच नाही.

वर्षे आणि ठिकाणे आठवून पाहावीत. १९९९ साली कोलंबाइन. २०१२ च्या डिसेंबरात सँडी हूक, जिथे सहा-सात वर्षांची वीस मुले आणि सहा मोठी माणसे गेली. १४ फेब्रुवारी २०१८ रोजी पार्कलँड, सतरा जण. मग युव्हाल्डी. त्याआधी १६ एप्रिल २००७ रोजी व्हर्जिनिया टेक विद्यापीठात बत्तीस जणांचा जीव गेला, तेव्हा त्यांत जी. व्ही. लोगनाथन हे भारतीय प्राध्यापक होते आणि मुंबईहून वास्तुशास्त्र शिकायला गेलेली एक विद्यार्थिनीही होती. त्या वेळी आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनी काही दिवस त्या बातमीला पहिल्या पानावर जागा दिली. आपली माणसे त्यात नसली की ती जागा आतल्या पानावर सरकते, हे स्वाभाविक म्हणावे लागेल. पण अमेरिकेतच ती आतल्या पानावर सरकू लागते, तेव्हा मात्र धस्स होते.

तिथले एक ठरीव वाक्य आता साऱ्या जगाला पाठ झाले आहे. आमचे विचार आणि आमच्या प्रार्थना मृतांच्या कुटुंबीयांसोबत आहेत. हे वाक्य मुळात खोटे नाही. ज्याने ते पहिल्यांदा उच्चारले असेल, त्याच्या डोळ्यांत पाणीही असेल. परंतु साहित्याच्या अभ्यासकाला ठाऊक असते की उपमा जशी वापरून झिजते, तसे सांत्वनाचे वाक्यही झिजते. आणि झिजलेले वाक्य नुसते निरुपयोगी राहत नाही, ते आड येऊ लागते. त्याच्यामागे उभे राहून काही न करता येते. 'द अनियन' या अमेरिकन विडंबनपत्राने मे २०१४ मध्ये एक छोटी बातमी छापली. हे जिथे नित्य घडते असा एकमेव देश म्हणतो की हे टाळण्याचा काही मार्गच नाही, असा तिचा आशय होता. त्यानंतर दर मोठ्या गोळीबाराला ते पत्र तीच बातमी, फक्त गाव, तारीख आणि मृतांचा आकडा बदलून, पुन्हा छापत आले आहे. विडंबन हे पुनरुक्तीने मरते, असे आपण वर्गात शिकवतो. इथे पुनरुक्ती हेच विडंबन झाले, आणि काही वर्षांनी ते विडंबनही उरले नाही. ती नोंद झाली.

या वाक्यांमधून कर्ता कसा गळत जातो ते पाहण्यासारखे आहे. सुरुवातीला कर्ता असतो, पण तो एकच आणि अगदी जवळचा, म्हणजे बंदूक चालवणारा मुलगा. तो बहुधा त्याच दिवशी मरतो. मग त्याचे मन बिघडलेले होते, असे ठरते, म्हणजे तोही पूर्णार्थाने कर्ता राहत नाही. त्याच्या हातून ते 'झाले'. मग उरते काय? स्वित्झर्लंडच्या 'स्मॉल आर्म्स सर्व्हे' या संस्थेने २०१८ साली काढलेल्या अंदाजानुसार अमेरिकेत सामान्य नागरिकांपाशी सुमारे एकोणचाळीस कोटी तीस लाख बंदुका होत्या. शंभर माणसांमागे एकशे वीस. मने जगात सगळीकडे बिघडतात. बिघडलेल्या मनाच्या हाताशी अठराव्या वाढदिवसानंतर काही दिवसांतच रणांगणावर शोभावी अशी रायफल दुकानातून रीतसर विकत मिळावी, हे सगळीकडे होत नाही. युव्हाल्डीच्या मुलाला ती तशीच मिळाली होती. २०२० पासून अमेरिकेतील एक ते एकोणीस वर्षे वयाच्या मुलांच्या मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण बंदूक हे आहे. अपघात, कर्करोग, सारे त्याच्या मागे.

आमच्याकडे भूकंप सुरू झाले तेव्हा आधी यंत्रे बसवली गेली, हे वर सांगितले. ज्यावर आपला काही इलाज नाही त्याचेही निदान मोजमाप करावे, एवढी बुद्धी कुणालाही असते. अमेरिकेच्या संसदेने मात्र १९९६ साली एका तरतुदीने सार्वजनिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेला बजावले की बंदुकांवरील नियंत्रणाचा पुरस्कार करण्यासाठी तिचा पैसा वापरता येणार नाही. संशोधन करू नका, असे तिथे स्पष्ट लिहिलेले नव्हते. पण धाक एवढा बसला की जवळजवळ वीस वर्षे त्या संस्थेने हा विषय बाजूलाच ठेवला. २०१९ च्या अखेरीस त्यासाठी पुन्हा पैसा मंजूर झाला. मोजायचे नाही असे ठरवले की मग जे घडते ते आपोआपच निसर्गासारखे, अगम्य वाटू लागते. कर्ता लपवण्याचा हा सर्वांत सभ्य मार्ग असावा.

या सगळ्याच्या मुळाशी एक वाक्य आहे. १७९१ साली अमेरिकेच्या संविधानात घातलेले, सत्तावीस शब्दांचे. शस्त्रे बाळगण्याचा लोकांचा हक्क त्यात सांगितला आहे, पण वाक्याचा आरंभ सुव्यवस्थित लोकसेनेच्या उल्लेखाने होतो. त्या आरंभाचा शेवटाशी काय संबंध, यावर तिथले पंडित दोनशे वर्षे वाद घालत होते. २००८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निर्णय दिला की हा हक्क व्यक्तीचा आहे, लोकसेनेशी संबंध असो वा नसो. एका वाक्याचा अन्वय लावण्यावर इतके काही अवलंबून असते, ही गोष्ट वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांनी विसरू नये.

आपल्याकडेही असे वाक्य येऊ घातले होते, हे फार थोड्यांना आठवत असेल. इंग्रजांनी १८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीयांना निःशस्त्र केले, त्याची खंत स्वातंत्र्यलढ्यातल्या बहुतेक पुढाऱ्यांना होती. गांधीजींनीही त्या कायद्याचा कडक शब्दांत निषेध केला होता, आणि तो निषेध आज अमेरिकेतले बंदुकांचे समर्थक मूळ संदर्भ सोडून आपल्या बाजूने वापरतात. १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या मर्यादेत शस्त्र बाळगण्याचा हक्क घातला होता. त्याच आधारावर डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत हरि विष्णु कामथ यांनी हा हक्क मूलभूत हक्कांत समाविष्ट करावा अशी दुरुस्ती मांडली. उत्तर द्यायला उभे राहिले बाबासाहेब आंबेडकर. कराचीच्या ठरावामागे एक इतिहास होता, हे त्यांनी मान्य केले. परंतु आपण आता आग्रह धरायचा तो व्यक्तीच्या शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा नव्हे, वेळ आल्यास देशासाठी शस्त्र उचलण्याच्या कर्तव्याचा, असे त्यांचे म्हणणे पडले. प्रत्येकाने बाजारात जाऊन हल्ल्याची हवी ती साधने विकत घ्यावीत आणि राज्याने त्यात काही आडकाठी करू नये, अशा स्थितीत कोणतेही राज्य कसे चालेल याची आपल्याला कल्पनाही करता येत नाही, अशा आशयाचे ते बोलले. दुरुस्ती स्वीकारली गेली नाही. ज्या माणसाच्या समाजाने शतकानुशतके इतरांच्या हातातल्या काठीचा मार खाल्ला, त्याने निःशस्त्रतेची बाजू भाबडेपणाने घेतली असे कुणालाही म्हणता येणार नाही. माझ्या मुलांना शाळेत दिवा मालवून बसावे लागत नाही, याच्या अनेक कारणांपैकी एक कारण त्या दिवसाच्या कामकाजात आहे.

पण हे लिहिताना मला एक प्रश्न टाळता येत नाही, आणि तो वर्गातूनच आलेला आहे. मी जिथे शिकवते तिथली बहुसंख्य मुले वारली. त्यांना मी गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' शिकवते तेव्हा ते त्यांना पुस्तक वाटत नाही, घरची गोष्ट वाटते. २३ मे १९४५ रोजी याच तालुक्यातल्या झरी गावी वारल्यांची पहिली मोठी सभा झाली आणि वेठबिगार मोडण्याचा निर्धार झाला. त्या वर्षीच्या गवतकापणीला लोक मजुरीसाठी अडून बसले. १० ऑक्टोबर १९४५ च्या रात्री तलवाड्याला सभा आहे, गोदावरीबाईंच्या जिवाला धोका आहे, काठ्या घेऊन या, अशी खोटी हूल जमीनदारांनी उठवली. हजारो आदिवासी जमले. दुसरीकडे सरकारला कळवले गेले की आदिवासी चाल करून येताहेत. पोलिसांनी जमावावर गोळ्या चालवल्या, थांबून थांबून, दुसऱ्या दिवसापर्यंत. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण ठार झाले. लोक तरीही बराच काळ जागचे हलले नाहीत, कारण बाई येणार होत्या आणि त्यांना वाचवायचे होते.

हा भाग झाल्यावर मागल्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "मॅडम, त्यांच्याकडे पण बंदुका असत्या तर?"

अमेरिकेतले बंदुकांचे समर्थक नेमके हेच विचारतात. राज्यच जुलमी झाले तर लोकांनी काय करावे? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, आणि तलवाड्याच्या मातीवर उभे राहून तर मुळीच नाही. मी त्या मुलाला म्हटले की पुढे काय झाले ते आपण वाचू. पुढे असे झाले की गोळीबारानंतरही संप मोडला नाही. पाचशे पौंड गवताला अडीच रुपये हा दर जमीनदारांना अखेर द्यावा लागला. बंदूक त्यांच्याकडे होती, पण गवत कापायचे हात त्यांच्याकडे नव्हते. वारल्यांपाशी त्या रात्री बंदुका असत्या तर मृतांचा आकडा पाचावर थांबला नसता, आणि ज्या जमीनदारांना त्यांना बंडखोर ठरवायचेच होते त्यांचे काम सोपे झाले असते, असे मला वाटते. मुलाचे यावर पूर्ण समाधान झाले असे नाही. त्याच्या पणजोबांच्या पिढीवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या, माझ्या नव्हे. त्याला असमाधानी राहण्याचा अधिकार आहे.

मला महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. तलवाड्याविषयी बोलताना इथला म्हातारा माणूसही 'गोळीबार झाला' एवढ्यावर थांबत नाही. जमीनदारांनी हूल उठवली, पोलिसांनी गोळ्या घातल्या, जेठ्या गांगड मेला. तीन वाक्ये, तिन्हींना कर्ता. म्हणूनच तो शोक वर्षानुवर्षे वाया न जाता टिकला. त्याच्यापुढे मागण्या ठेवता आल्या, कुणाकडून तरी काही घेता आले. तलासरीत दरवर्षी ऑक्टोबरात हुतात्म्यांचे स्मरण होते तेव्हा तिथे नुसती प्रार्थना नसते, त्या त्या वर्षाचा हिशेबही मागितला जातो. शोकाला पत्ता होता.

आपण मात्र सदैव असे स्पष्ट बोलतो, असा दावा करण्याचे धाडस मी करणार नाही. ३१ जुलै २०२३ च्या पहाटे जयपूरहून मुंबईला जाणाऱ्या गाडीत, पालघर स्थानक सुटल्यानंतर, रेल्वे सुरक्षा दलाच्या एका शिपायाने सरकारी रायफलीने आपल्या वरिष्ठाला आणि वेगवेगळ्या डब्यांतल्या तीन प्रवाशांना ठार केले. तिन्ही प्रवासी मुस्लिम होते. ही गाडी आमच्या उंबरगाववरून जाते. तिचा आवाज ऐकत आम्ही कूस बदलतो. दुसऱ्या दिवशी आमच्याकडच्या चर्चेतही पहिला शब्द आला तो मानसिक अस्वास्थ्याचा. न्यायालय त्याचे काय करायचे ते करील. पण डब्यामागून डबे ओलांडत माणसे निवडली गेली असतील तर त्या निवडीला काहीतरी कारण असते, आणि ते कारण एकट्याच्या डोक्यात उगवत नाही, हे बोलायला आपणही कचरलो. भावकर्तृक क्रियापदाची सोय फक्त इंग्रजीतच आहे असे नाही.

आपल्या काव्यशास्त्राने कवितेचा उगमच एका शोकात मानला आहे, ही कथा वाचकांना सांगायला नको. व्याधाच्या बाणाने क्रौंचाच्या जोडीतला एक पक्षी पडतो, मादी आक्रोश करते आणि वाल्मीकींच्या तोंडून आदिश्लोक निघतो. आनंदवर्धनाने ध्वन्यालोकात या प्रसंगाचे स्मरण केले ते शोकच श्लोक झाला हे सांगण्यासाठी. शिकवताना आपण सगळा भर करुण रसावर देतो, मादीच्या विलापावर, ऋषीच्या द्रवलेल्या हृदयावर. एक साधी व्याकरणिक गोष्ट मात्र आपल्या नजरेतून निसटते. तो श्लोक पक्ष्याविषयी नाही, पक्षिणीला उद्देशूनही नाही. तो व्याधाला उद्देशून आहे. द्वितीय पुरुषात आहे. त्यात सांत्वन नाही, शाप आहे. तू हे केलेस, असे समोरच्याला सांगणारे ते वाक्य आहे. म्हणजे ज्या क्षणी शोकाला भाषा मिळाली, त्या क्षणी त्याने आधी कर्ता शोधला. 'एक पक्षी पडला' असे म्हणून वाल्मीकी तमसेवर स्नानाला गेले असते, तर त्यांच्या दुःखाविषयी कुणी शंका घेतली नसती. पण काव्यही जन्मले नसते.

अमेरिकेतही असा शोक करणारे आहेत, आणि त्यांच्याविषयी न लिहिणे अन्यायाचे होईल. पार्कलँडच्या मुलांनी आपल्या मित्रांची तेरवी व्हायच्या आत लोकप्रतिनिधींना नावे घेऊन प्रश्न विचारायला सुरुवात केली, आणि २४ मार्च २०१८ रोजी त्यांच्या हाकेला लाखो लोक रस्त्यावर उतरले. सँडी हूकच्या काही कुटुंबांनी रायफल बनवणाऱ्या रेमिंग्टन कंपनीला न्यायालयात खेचले, कारण तिने ते हत्यार कोणत्या जाहिरातींनी विकले हा प्रश्न त्यांना विचारायचा होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये सात कोटी तीस लाख डॉलरांवर तो दावा मिटला. मिशिगनमधल्या ऑक्सफर्ड इथे २०२१ साली चार विद्यार्थ्यांना मारणाऱ्या मुलाच्या आईवडिलांना २०२४ साली न्यायालयाने दोषी ठरवले, कारण ती बंदूक त्यांनी त्याच्यासाठी काही दिवसांपूर्वीच आणली होती. युव्हाल्डीच्या पालकांनी विचारले की शेकडो सशस्त्र पोलीस आले असताना मुले आत असलेल्या वर्गाचे दार उघडायला सत्त्याहत्तर मिनिटे का लागली. त्याच वर्षीच्या जूनमध्ये तिथल्या संसदेने जवळजवळ तीन दशकांतला पहिला लक्षणीय कायदा केला. तो तोकडा होता. अठराव्या वर्षी रायफल विकत घेण्याची मुभा त्याने काढून घेतली नाही. पण या प्रत्येक ठिकाणी कुणीतरी 'झाले' हे क्रियापद नाकारले होते, आणि जेवढे काही हलले ते तिथेच हलले.

वैताग असा की हे फार हळू हलते आणि मुले फार लवकर मोठी होतात. आमची नात आता टेबलाखाली मावत नाही. तिच्या शाळेने उंच मुलांसाठी दुसरी जागा नेमून दिली आहे, कपाटामागची. माझ्या भाचीने आपल्या भागाच्या लोकप्रतिनिधीला दोन पानी पत्र लिहिले. उत्तर आले, छापील. त्यात अलीकडच्या काळात आपल्या शाळांमध्ये घडलेल्या दुर्दैवी घटनांबद्दल खेद होता आणि ते वाक्यही होते. तिने ते मला पाठवून विचारले, "मावशी, याला काय उत्तर लिहू?" मी मराठीची शिक्षिका; मला एकच सुचले. म्हटले, त्यांना लिही की तुमचे पहिले वाक्य अपुरे आहे, कर्ता घालून पुन्हा लिहून पाठवा. तिने तसे लिहिले, अर्थात तिथल्या रीतीने आणि माझ्यापेक्षा सभ्य शब्दांत. त्याला अजून उत्तर आलेले नाही. ती दर महिन्याच्या पहिल्या तारखेला त्याच पत्राची आठवण पाठवते.